बगलंस टीचर

चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढायचा, मान थोडी पुढे काढायची आणि समोरच्याला विचारायचं, "बगलंस? कसां बगलंस?"

एखादा मुलगा वर्गात म्हणाला, "टीचर, काल मी बंदरार मोठो मासो बगलंय," की हा प्रश्न ठरलेला. नुसतं बघितलं म्हणून सुटका नसे. जाता जाता नजर टाकलीस, तोंड उघडं टाकून टक लावलीस, की लाटेतून क्षणभर दिसला आणि गेला? मुलगा डोकं खाजवू लागला की टीचर त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवावी तसा शब्द ठेवायच्या. "मगे ग्लिम्प्स म्हण. दिसलो नि गेलो, तो ग्लिम्प्स."

मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'बगलंस टीचर'. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. आमच्या हायस्कुलात बाकीच्या शिक्षिका 'बाई' होत्या, त्या एकट्याच 'टीचर'. ख्रिश्चन होत्या आणि इंग्रजी शिकवत, म्हणून असेल. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. मीही घेणार नाही. घेतलं तर भलत्याच कोणाबद्दल लिहितो आहे असं माझं मलाच वाटेल.

अठ्ठ्याण्णव साली मी घाटावरून देवगडला मराठी शिकवायला आलो. शाळा बंदराच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळाच्या माळावर, एका बाजूच्या सगळ्या खिडक्या समुद्राकडे उघडणाऱ्या. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत टीचरनी मला चष्म्यावरून नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "घाटावरचे काय? मासे खातात, की नुसते बघतात?"

"खातो," मी म्हणालो.

"मग टिकाल," असा निकाल देऊन त्या वर्गावर गेल्या.

शाळेत त्या साडी नेसत, घरी ढगळ फुलांचा फ्रॉक. लग्न केलेलं नव्हतं. म्हाताऱ्या आईबरोबर राहत, आई गेल्यावर एकट्या. घरात मालवणीत बोलत, कामकाजात चोख मराठी आणि वर्गात तिन्ही भाषा एकाच ताटात वाढल्यासारख्या. 'आमचं इंग्रजी' असं त्या इतक्या सहज म्हणत, की इंग्रजी हे कुणकेश्वरच्या वाटेवरचं एखादं गाव असावं आणि त्यांचं माहेर तिथलं असावं, असं वाटे.

मधल्या सुट्टीत आमचा एक खेळ चाले. त्या इंग्रजी शब्द टाकत, मी मराठी उत्तर द्यायचं.

"ग्लान्स?"

"ओझरती नजर."

"पीप?"

"डोकावणं."

"गेझ?"

"एकटक पाहणं," मी एकदा म्हणालो आणि फसलो.

"नाय हो सर, तो स्टेअर झालो. स्टेअर करणाऱ्याक लाज नसता. गेझ करणाऱ्याक भान नसता. फरक आसा."

मी मराठीचा माणूस. असा हरून कसा बसणार? दुसऱ्या दिवशी मी त्यांना 'न्याहाळणं' दिलं, 'निरखणं' दिलं आणि शेवटी 'ढुंकूनही न पाहणं' दिलं. त्या थबकल्या.

"ढुंकून बघितलां नाय, असा म्हणतत. पण कोणी ढुंकून बघितलां, असा म्हणतत काय?"

मी विचार केला. म्हणत नाहीत. त्या इतक्या खूश झाल्या की पुढचा तास नववीला इंग्रजीऐवजी हेच सांगत बसल्या. "तुमच्या मराठीत न बघण्याकसुद्धा वेगळो शब्द आसा रे. आमच्या इंग्रजीत नाय." आपण हरलो हे इतक्या अभिमानाने सांगणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असेल तर भाग्यवान आहात.

ही क्रियापदं त्यांनी पुस्तकातून फारशी शिकवलीच नाहीत. मासळी विकणारी बाई भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाच्या कपड्यांवरून जी नजर फिरवते ती ग्लान्स. पाहुणे आले की आतल्या दाराच्या फटीतून मुलगी करते ते पीप. एसटीतून उतरलेल्या नव्या माणसाकडे अख्खा नाका करतो ते स्टेअर. सगळं त्या करून दाखवत. दारामागे लपून पीप करताना त्यांचा पदर कडीत अडकला होता, तेव्हा वर्ग इतका हसला की मुख्याध्यापक धावत आले.

एकदा तर त्यांनी दहावीचा वर्ग कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर नेला. मुख्याध्यापक म्हणाले, "टीचर, इंग्रजीचा तास वाळूत?" टीचर म्हणाल्या, "वॉच वर्गात सापडत नाही, सर." मुलं सांभाळायला मलाही बरोबर धाडलं.

किनाऱ्यावर त्या दिवशी रापण लागायची होती. रापण म्हणजे अख्ख्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. ते पाण्यात सोडण्याआधी एक जाणता माणूस उंचावर उभा राहून मासळीचा थवा कुठे आहे ते पाण्याच्या रंगावरून हेरतो. असा एक म्हातारा खडकावर उभा होता. टीचर मुलांना घेऊन त्याच्यापाशी गेल्या.

"काका, काय बघतास?"

"बघी नाय गो बाय. वाट बघतंय. माशाची."

टीचरना काय आनंद झाला म्हणून सांगू! तिथल्या तिथे वर्गाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलात? नुसती वाट बघली तर वेट. डोळे उघडे ठेवून वाट बघली तर वॉच. आजोबा आर वॉचिंग द सी. म्हणा!" चाळीसेक मुलं ओरडली. किनाऱ्यावरच्या देवळात दर्शनाला आलेले लोक थांबून बघायला लागले. टीचरनी लगेच त्यांच्याकडे बोट केलं, "अँड दे आर स्टेअरिंग ॲट अस!"

मग त्यांनी प्रत्येकाला घरातलं एक बघणं सांगायला लावलं. बहुतेकांनी ऐकलेलंच परत सांगितलं. शेवटी एक मुलगी उठली. बंदराखालच्या मच्छीमार वाडीतली, वर्षभर तोंडातून शब्द न काढणारी. तिच्या बापाची स्वतःची एक लहानशी होडी होती. ती म्हणाली, "टीचर, सांजेक बाबा येवचो आसलो काय आवस दारात बसून दर्याकडे बगता. भात करपलो तरी तिका कळना नाय. त्या बघण्याक काय म्हणतत?"

टीचरनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाल्या, "गेझ, बाय. त्याका गेझ म्हणतत." आणि तेवढं एकच वाक्य त्यांनी कोणालाही मोठ्याने म्हणायला लावलं नाही.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा आमच्या केंद्रावर होती. भूमितीच्या पेपरला त्या मुलीच्या वर्गावर मी पर्यवेक्षक होतो. टीचरकडे पुरवण्या घेऊन वर्गावर्गांतून फिरण्याचं काम होतं.

दोन दिवस उत्तरेकडून वाऱ्याने जोर धरला होता. समुद्र पांढरा दिसत होता. आदल्या दिवशी गेलेली एक होडी परतली नाही, एवढं सकाळी नाक्यावर कानावर आलं होतं. ती कोणाची, हे मला माहीत नव्हतं.

पेपर निम्म्यावर आला होता. मी मागच्या बाकांवर सह्या करत होतो. तेवढ्यात दारातून भरारी पथक आत आलं. पथकाचे प्रमुख उंच, कडक इस्त्रीचे गृहस्थ होते. ते दारात क्षणभर उभे राहिले आणि थेट त्या मुलीच्या बाकाशी गेले.

"पेपर खाली ठेव. उभी राहा."

मुलगी उभी राहिली.

"ही मुलगी समोरच्या उत्तरपत्रिकेत बघत होती," ते मला म्हणाले. "मी स्वतः पाहिलं. केंद्रसंचालकांना बोलवा, कॉपीची केस करायची आहे."

तुम्ही कधी परीक्षा घेतली असेल तर त्या शब्दांचं वजन तुम्हाला कळेल. केस झाली की मुलीचं वर्ष गेलं. आणि त्या वाडीतल्या मुलीचं वर्ष गेलं म्हणजे शाळा गेली. मी सांगितलं की ही मुलगी तशी नाही. पण मी तेव्हा मागे होतो, मी काही पाहिलेलं नव्हतं, आणि 'तशी नाही' हा काही पुरावा नव्हे.

पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन टीचर दारात आल्या त्या नेमक्या तेव्हा. त्यांनी सगळं ऐकलं. गठ्ठा टेबलावर ठेवला आणि पुढे आल्या.

"साहेब, एक विचारू? ती बघत होती, हे तुम्ही पाहिलं. कसं बघत होती?"

"कसं म्हणजे? डोळ्यांनी!"

काही मुलं हसली आणि लगेच गप्प झाली. टीचर हसल्या नाहीत.

"चोरून बघणारं पोर एकदा बघतं, खाली बघतं, लिहितं, परत बघतं. ही तशी बघत होती काय?"

साहेब थांबले. माणूस कडक होता, खोटा नव्हता. "नाही," ते म्हणाले. "सारखी बघत होती. मी दारात आलो तरी तिला समजलं नाही. म्हणून तर पकडली."

टीचर मुलीकडे वळल्या. चष्मा खाली ओढला, मान पुढे काढली. आवाज मात्र मी कधी ऐकला नव्हता इतका हळू.

"बाय, कसां बघी होतंस?"

मुलगी पुटपुटली, "गेझ, टीचर."

"काय बघी होतंस?"

"दर्या. बाबा काल सांजेक येवचो होतो. अजून येवक नाय."

वर्गातल्या पेनांचा आवाज थांबला. साहेबांनी मुलीकडे पाहिलं, मग समोरच्या बाकाकडे. ते त्या मुलीच्या बाकावर बसले. एवढा उंच माणूस, गुडघे बाकाला लागत होते. बसल्यावर त्यांनी मान तिच्या उंचीइतकी खाली घेतली. समोरच्या मुलीचा खांदा, त्याच्यापलीकडे खिडकी आणि खिडकीत बंदराचं तोंड आणि तो पांढरा समुद्र. समोरची उत्तरपत्रिका त्या खांद्याआड पूर्ण झाकलेली होती.

ते उठले. "मी तिला बघताना पाहिलं," ते सावकाश म्हणाले. "काय बघते ते पाहिलं नव्हतं. बस बाळ. लिही." मग माझ्याकडे वळून, "ती खिडकी लावून घ्या म्हणजे तिचं लक्ष लागेल."

"लावू नका, साहेब," टीचर म्हणाल्या. "खिडकी लावली तर ती दाराकडे बघत बसेल."

आणि मग त्यांनी जे केलं ते आठवलं की आजही माझी मान ताठ होते. त्या मुलीपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "आता तुज्या बापाशीक मी वॉच करतंय. व्हडी दिसली काय तुका सांगतंय. तू लिव."

पुरवण्यांचा गठ्ठा त्यांनी शिपायाच्या हाती दिला आणि साहेबांना म्हणाल्या, "मला इथं उभं राहू द्या." साहेबांनी मानेनेच होकार दिला. टीचर खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, वर्गाकडे पाठ करून, दोन्ही हातांनी गज धरून. घंटा होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस सुटले, ते त्यांनी सावरले नाहीत. मुलीने एकदा मान वर करून त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग तिने खाली मान घातली आणि लिहायला लागली. शेवटपर्यंत लिहीत राहिली.

होडी काही आली नाही. घंटा झाल्यावर टीचर वळल्या आणि तसंच सांगितलं. "अजून नाय, बाय." खोटा धीर दिला नाही. तिचा हात धरून त्या सडा उतरून बंदराकडे निघाल्या. मीही मागोमाग गेलो. वाडीतल्या बायका किनाऱ्यावर जमल्या होत्या. मुलीची आई वाळूत बसली होती, तिच्या शेजारी टीचर चांगल्या साडीनिशी तशाच वाळूत बसल्या. आई हिंदू, टीचर ख्रिश्चन. दोघींचे ओठ हलत होते, आपापल्या देवापाशी.

दुपार कलता कलता बंदरावरच्या टेलिफोनच्या दुकानातून एक माणूस ओरडत आला. होडीचं इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्या एका मोठ्या बोटीने तिला ओढत विजयदुर्गाला नेलं होतं. माणसं सुखरूप होती. मुलीची आई हुंदके देऊ लागली. मुलगी रडली नाही. ती टीचरच्या कुशीत शिरली आणि बराच वेळ तिथून निघाली नाही.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी टीचरना बोलावलं. मी तिथेच होतो.

"टीचर, पथकाशी वाद घालायचा नसतो. उद्या केंद्र रद्द झालं तर?"

"केंद्र रद्द झालं तर पोरं तळेऱ्याला जाऊन परीक्षा देतील, सर," टीचर म्हणाल्या. "पण ह्या पोरीचं वर्ष गेलं तर तिला पुन्हा घरातून कोण पाठवणार?"

मुख्याध्यापकांनी शिपायाला चहा सांगितला, टीचरना आधी. आमच्याकडे माफी मागण्याची हीच रीत होती.

दोन दिवसांनी मुलीचा बाप शाळेत आला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेली भलीमोठी सुरमई. "टीचर, तुम्ही... माजां चेडू..." एवढंच. टीचरनी मासा दोन्ही हातांनी घेतला. ईस्टरच्या आधीचे त्यांचे उपासाचे दिवस चालू होते, मटण-कोंबडी बंद. "मासे मात्र चलतत," त्या आम्हाला म्हणाल्या. "देवाक कोकण ठाऊक आसा." दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी शाळेत तळलेली सुरमई खाल्ली. मुख्याध्यापकांनी दोन तुकड्या घेतल्या.

मुलगी पास झाली. भूमितीत फार नाही, पण झाली. निकालाच्या दिवशी टीचरनी सबंध नाक्यावर पेढे वाटले, आणि कोणी विचारलं की म्हणत, "पोरीन स्वतः लिवलां. मी खिडकीत उभी होतंय, बाकी काय नाय." पुढे ती बारावी झाली. मग कळलं की तिला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली. वाडीतली नोकरीला लागलेली पहिली मुलगी. पहिली नेमणूक लांबच्या आगारात होती, त्यामुळे दिसेनाशी झाली.

टीचर निवृत्त झाल्या तो मे महिना होता. निरोपाच्या समारंभात भाषणं नकोत म्हणून त्यांनी आधीच बजावलं होतं. गोव्यात त्यांची धाकटी बहीण होती, तिच्याकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. मला सुट्टीला कोल्हापूरकडे जायचं होतं. म्हटलं, तळेऱ्यापर्यंत सोबत होईल. तिथून त्यांचा रस्ता गोव्याला, माझा घाटाकडे.

देवगडच्या स्टँडवर पणजीची गाडी लागली. गर्दी फार. आंब्यांच्या पेट्या, चाकरमानी, पोरंबाळं. पुढच्या सीटवर एक जाडजूड गृहस्थ बसले होते. तेवढ्यात मागच्या बाजूने पंच टकटकवत कंडक्टर पुढे आली. खाकी ड्रेस, घट्ट बांधलेला अंबाडा.

"उठा हो काका. ही सीट दिलेली आसा."

"कोणाक दिलेली?"

"आमच्या टीचरक."

टीचरनी वळून पाहिलं. ती पोर हसत उभी होती. बदली होऊन ती आपल्या जिल्ह्यात परत आली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

"तू गो? ह्या गाडयेर?"

"माजी आजची ड्युटी रत्नागिरीच्या गाडयेर होती, टीचर. बदलून घेतलंय. तुमका दुसऱ्या कोणाच्या गाडयेतून कशी जावक देतलंय?"

टीचर बसल्या. पर्समधून पैसे काढून पुढे केले. "तिकीट फाड. फुकट जावचंय नाय मी. आणि इंग्रजीत विचार."

पोरीने वरचा दांडा धरला, आवाज चढवला आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मॅडम, व्हेअर आर यू गोइंग?" मग गाडीकडे वळून, "धिस इज माय टीचर! नीट बसा सगळ्यांनी." कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. आयुष्यभर वर्गात अभिनय करणाऱ्या आमच्या टीचरना त्या टाळ्यांचं काय करावं ते कळेना. त्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

तळेऱ्याला मी उतरलो. निरोप घ्यायला त्यांच्या खिडकीखाली गेलो. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. तेवढ्यात शेजारच्या सीटवरच्या बाईने त्यांना विचारलं, "ती कंडक्टरीण तुमची कोण?"

टीचरनी मागे वळून पाहिलं. ती पोर एका म्हातारीचं गाठोडं वर चढवत होती.

"ती?" टीचर म्हणाल्या. "माजां चेडू गो तां. माजी लेक."

डबल बेल झाली. गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि गोव्याच्या दिशेने निघून गेली.